टू-स्ट्रोक इंजिनाला बीपीचं मशीन कशाला?

साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात मध्यंतरी एक पोतं आलं. आत शहाळ्याहून थोडं मोठं, एका हातानं उचलेल एवढं इंजिन. घेऊन आलेली पोरं इंजिनिअरिंगची. बंद पडलेल्या एका गो-कार्ट ट्रॅकच्या भंगारातून त्यांनी ते किलोच्या भावानं उचललं होतं. इंजिन जाम. नवीन पिस्टन टाकून देता का, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गॅरेजवाल्या नानांनी प्लग काढला, सायलेन्सरच्या भोकातून बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाले, "पिस्टनचं नंतर बघू. आधी कुणा डॉक्टरकडनं जुनं बीपीचं मशीन मिळतंय का बघा."

पोरांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. सध्या जुन्या टू-स्ट्रोकचं वेड पुन्हा आलंय. आरएक्स १०० चं नाव काढलं की चाळिशीतली माणसं भावुक होतात, आणि त्या गाडीचं उत्पादन बंद झालं तेव्हा जन्मलेही नव्हते असे लोक ती शोधत फिरतात. त्यात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून पंपावर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न : जुन्या इंजिनाचं काय होणार? या सगळ्याचं उत्तर त्या बीपीच्या मशीनपासून सुरू होतं, म्हणून हा लेख.

कार्ट म्हणजे नक्की काय?

चार चाकं, पाइपांचा सांगाडा, एक सीट आणि पाठीशी किंवा बाजूला इंजिन. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. पहिलं कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स आणि लू बोरेली यांनी गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर बांधलं. १९५९ मध्ये मॅककुलॉक या चेनसॉ बनवणाऱ्या कंपनीनं खास कार्टसाठी इंजिन काढलं. पुढे इटलीत पॅरिला, कोमेट, डॅप अशी घराणी उभी राहिली. फॉर्म्युला वनवाला आयर्टन सेना कार्टच्या जागतिक स्पर्धेत उतरला तो डॅपच्याच इंजिनावर. साधारण अर्धं शतक १०० सीसीचं, मुख्यतः हवेनं थंड होणारं, बिनगिअरचं टू-स्ट्रोक हेच कार्टिंगचं इंजिन होतं. २००७ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याच्या जागी १२५ सीसीची पाण्यानं थंड होणारी इंजिनं आली, आणि १०० सीसीवाली 'व्हिंटेज' झाली.

पोत्यातलं इंजिन यामाहाचं केटी १०० होतं. बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) ५२ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची एक खेप) ४६ मि.मी., ९७.६ सीसी. आरएक्स १०० एवढंच म्हणा ना. पण आरएक्स ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती देते, आणि हे चिमुकलं १५ च्या आसपास. पूर्ण वेगात ते मिनिटाला १५ हजारांच्या घरात फिरतं. म्हणजे सेकंदाला २५० फेरे आणि २५० स्फोट.

दोन टप्प्यांत चार कामं

कुठल्याही पेट्रोल इंजिनाला चार कामं करावी लागतात : हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक कामाला पिस्टनची एक वेगळी खेप मिळते. टू-स्ट्रोकमध्ये चारही कामं दोन खेपांत, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं गोल फिरणाऱ्या दांड्याच्या) एकाच फेऱ्यात उरकावी लागतात. त्यासाठी पिस्टनच्या वरच्या बाजूबरोबर खालची बाजूही कामाला लावतात.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आठवतो का? दांडा ओढला की हवा आत, दाबला की टाकीत. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खाली क्रँकच्या पेटीत पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल, ऑइल असं मिश्रण त्या पेटीत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण पेटीत दाबलं जातं आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून वर उसळतं. या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. वॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंगची चेन नाही. खिडक्या उघडायचं-झाकायचं कामही पिस्टनच करतं.

आता वरची बाजू. स्वारगेटला एसटी लागते तेव्हा काय होतं? आतले उतरायच्या आधीच बाहेरचे घुसतात आणि त्यांच्या रेट्यानंच आतले बाहेर पडतात. टू-स्ट्रोकचं हेच आहे. ताजं मिश्रण जळलेल्या धुराला रेटून बाहेर काढतं. गर्दीत एखादा पुढच्या दारानं चढून मागच्या दारानं खालीही उतरतो, तसं थोडं ताजं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. धूर, वास आणि कमी ॲव्हरेज यांचं मूळ बरंचसं इथंच.

'दर फेऱ्याला स्फोट होतो म्हणजे ताकद दुप्पट' असं म्हणतात, ते म्हणूनच पुरतं खरं नाही. आरएक्सबरोबर १९८५ मध्येच आलेली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० सात-साडेसात अश्वशक्ती द्यायची, आरएक्स ११. दीडपट म्हणा. बाकीची मागच्या दारानं उतरली.

हे सगळं घडायला वेळ किती? १५ हजार फेऱ्यांना एक फेरा ४ मिलिसेकंदांत होतो. मिश्रण वर येण्याच्या खिडक्या त्यातल्या जेमतेम दीड मिलिसेकंद उघड्या असतात.

मग बीपीचं मशीन?

स्टोव्हच्या पंपाचं वॉशर वाळलं की कितीही पंप मारा, दाब धरत नाही. टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या पेटीला दोन्ही टोकांना, क्रँक जिथून बाहेर येतो तिथं रबराची ऑइल सील असतात. तीस वर्षांत ते रबर कडक होतं. मग पेटीत पोकळी झाली की कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढलं जातंच, शिवाय सीलच्या फटीतून नुसती हवाही ओढली जाते. हवा वाढली, पेट्रोलचं प्रमाण घटलं. असं हलकं मिश्रण जास्त तापतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे आग वाढली तेव्हाच वंगणही कमी पडलं. पिस्टन जाम होतं ते तिथं.

माझ्या आरएक्सचं पिस्टन मी दोन वर्षांत दोनदा बदललं. दोन्ही वेळा दुकानदाराला शिव्या घातल्या की माल डुप्लिकेट दिला. सिग्नलला गाडी आपोआप रेस व्हायची, ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागायचा. मी दर रविवारी कार्ब्युरेटर साफ करत बसायचो. तिसऱ्या वेळी नानांनी मॅग्नेटचं कव्हर उघडून सीलची कड बोटानं दाबून दाखवली. वाळलेल्या आमसुलासारखी झाली होती. "दोन पिस्टनं खाल्लीस लेका, आणि रोग इथं होता." ज्या दुकानदाराला मी शिव्या घातल्या, त्याच्याकडूनच सील आणलं. खाली मान घालून.

म्हणून इंजिन उघडायच्या आधी तपासायचं. एकदा उघडलं की पुरावा गेला. सायलेन्सरचं तोंड रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करायचं, कार्ब्युरेटरच्या जागी नळी बसवलेली पट्टी लावायची आणि हवा भरायची. दाब हवा फक्त ६ पीएसआयच्या आसपास. गाडीच्या टायरला तीसेक असतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. टायरचा पंप लावला तर चांगलं सीलही उडून बाहेर येईल. बीपीच्या मशीनवर ३०० चा आकडा म्हणजे जवळपास हाच दाब, आणि हातातला फुगा तो हळूहळू भरतो. काटा सहा मिनिटं जवळजवळ जागेवर राहिला तर पेटी हवाबंद. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती.

केटी १०० वर नानांनी फुगा दाबला. काटा २०० च्या वर जाईना. भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशनं लावला. साखळीच्या बाजूच्या सीलपाशी बुडबुड्यांची माळ आली. पोरांनी लगेच मोबाइल काढले.

गिअरवाल्या मोटारसायकलला आणखी एक खूण मिळते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. कार्टला गिअरबॉक्सच नाही. दोन्हीकडून हवाच शिरते, गुपचूप.

पिस्टन काय सांगतं

जाम झालेलं पिस्टन लोक भंगारात टाकतात. नाना ते खिडकीत नेऊन उजेडात फिरवत बसतात.

पिस्टनच्या आडव्या पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार उभे ओरखडे असतील तर इंजिन गार असतानाच पिळलं गेलंय. पिस्टन ॲल्युमिनियमचं, बोअर बिडाची. १०० अंश तापमान वाढलं की ५२ मि.मी.चं पिस्टन सुमारे एक दशांश मि.मी. फुगतं, बिडाची बोअर त्याच्या निम्मीच. आणि या जुन्या इंजिनांत पिस्टन-बोअरमधली फट असते ८ ते १० शतांश मि.मी., म्हणजे लेथवाल्यांच्या भाषेत तीन ते चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग). पिस्टन आगीला चिकटून आहे, ते आधी तापतं. बोअरला बाहेरून वारा लागतो, ती मागून तापते. सुरू केल्या केल्या फुल ॲक्सिलरेटर दिला तर फट संपते.

डोक्याला मधोमध भोक पडलं असेल किंवा कडेला मेण वितळावं तसा धातू वाहिला असेल तर मिश्रण हलकं होतं किंवा ठिणगी वेळेआधी पडत होती. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर ती बाजू जास्त तापली, वंगण कमी पडलं. पोरांच्या पिस्टनवर हेच होतं. सीलच्या बुडबुड्यांशी त्याची साक्ष जुळली.

वंगणावरून एक घाटातली गोष्ट. यवतेश्वरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद करून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची सवय फोर-स्ट्रोकवाल्यांना असते. टाकीत ऑइल मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोकमध्ये ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि फेरे मात्र चालूच. म्हणून जुने लोक उतारावर मधूनच थोडी रेस देत. कार्टवाल्यांची युक्ती आणखी भारी. सरळ रस्ता संपत आला की ॲक्सिलरेटर सोडायच्या आधी ते एक हात मागे नेऊन कार्ब्युरेटरचं हवेचं तोंड क्षणभर तळव्यानं झाकायचे. हवा कमी, पेट्रोल आणि ऑइल जास्त. पिस्टनला घोटभर पाणी पाजल्यासारखं. पुढे वळण आहे आणि स्टिअरिंगवर एकच हात.

क्रँकला हातोडी

हे बघताना पहिल्यांदा पोटात गोळा येतो. या इंजिनांचा क्रँक एकसंध नसतो. दोन जाड चकत्या आणि त्यांच्यामध्ये कनेक्टिंग रॉडची पिन, हे सगळं प्रेसनं दाबून बसवलेलं. नट नाही, बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. नुसती घट्ट बसण्याची ताकद. रॉडची बेअरिंग गेली की प्रेसवर क्रँक फोडायचा, नवी पिन, नवी बेअरिंग घालून परत दाबायचा.

दाबताना दोन चकत्या एकमेकींशी केसभर तिरक्या बसतात. मग क्रँक दोन टोकांच्या मध्ये धरून, डायल गेज लावून हातानं फिरवायचा. काटा हलतो. किती आणि कुठं हलतो ते बघून खडूनं खूण करायची, क्रँक उचलायचा आणि तांब्याच्या हातोडीनं चकतीच्या कडेला एक ठोका. परत गेजवर. परत ठोका. काटा दोन शतांश मि.मी.च्या आत आला की बास. नानांनी त्या दिवशी सात ठोके मारले, पाचवा चुकला आणि सहाव्यानं तो निस्तरला. तिरका क्रँक सेकंदाला २५० वेळा बेअरिंगांना हिसके देतो आणि नव्या सीलची कड पहिल्याच दिवशी खातो. म्हणजे परत बुडबुड्यांची माळ.

हे हात साताऱ्यात आले कुठून, असं पोरांनी विचारलं. जवळच्या सातारा रोड गावात धनजीशा कूपर यांचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून नांगर आणि इंजिनं बनवत होता. हे तेच कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. पुढे १९७५ ला महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि इथल्या एमआयडीसीतून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. तीही टू-स्ट्रोकच. गावातल्या निम्म्या फिटरांनी टू-स्ट्रोक घरचा असल्यासारखा उघडलाय.

बोअर मारली, पिस्टन टाकलं, झालं ना?

नाही. टू-स्ट्रोकची बोअर मोठी केली की पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग सेकंदाला पाचशे वेळा त्या खिडक्यांवरून जाते आणि दर वेळी किंचित बाहेर फुगते. कड धारदार असेल तर रिंग अडकून तुटते. त्या कडा बारीक कानशीनं, पॉलिश पेपरनं गोल कराव्या लागतात. घाईत काम करणारी बरीच मंडळी इथंच चुकतात. फोर-स्ट्रोकची सवय असलेला माणूस रिंगचं तोंड कुठंही ठेवतो. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगच्या तोंडाशी एक बारीक पिन असते, रिंग फिरून तिचं टोक खिडकीत जाऊ नये म्हणून. रिंग त्या पिनेवर बसली नाही आणि तसंच सिलिंडर दाबलं, तर रिंगही गेली आणि बोअरही.

नंतर हेड आणि पिस्टनमधली फट. ती मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार कडेपर्यंत सारायची, हातानं क्रँक फिरवायचा, चेपलेलं टोक व्हर्नियरनं मोजायचं. एक मि.मी.च्या आसपास हवी. जास्त-कमी असेल तर सिलिंडरखालचं पॅकिंग बदलायचं.

सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर मध्ये फुगीर का असतो? धुराबरोबर दाबाची एक लाट निघते. फुगवट्याच्या शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून ती परत येते, विहिरीत मारलेल्या हाकेसारखी, आणि मागच्या दारानं निघालेलं ताजं मिश्रण परत आत ढकलते. कंडक्टरच म्हणा. पण हा कंडक्टर ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर पोचतो. म्हणून ही इंजिनं खाली मरगळलेली असतात आणि एका टप्प्याला अचानक उसळतात. ही विद्या पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पक्की केली. त्यांचाच रेसर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला, सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीला मिळालं. सायलेन्सर कापून 'आवाज' काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

ऑइल जास्त घातलं तर सुरक्षित ना? आणि इथेनॉल?

ऑइल वाढवलं की त्याच लिटरमध्ये पेट्रोल कमी होतं, आणि जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) तेवढंच द्रव जातं. म्हणजे भीतीपोटी ऑइल दुप्पट करणारा माणूस मिश्रण हलकं करत असतो. ऑइलचं प्रमाण बदललं की जेटही बघायला हवा.

इथेनॉलचं तसंच. आपल्याच कऱ्हाड-सांगली पट्ट्यातल्या उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला द्रव जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा पुरते, २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या जेटवर गाडी म्हणूनच हलकी चालते. केटी १०० च्या कार्ब्युरेटरला बाहेरून फिरवायच्या सुया असतात, तिथं प्रश्न पाव फेऱ्यात सुटतो. आरएक्सला जेट बदलावा लागतो. खरा त्रास उभ्या गाडीला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून तळाशी वेगळे होतात, आणि नेहमीचं टू-टी ऑइल वर पेट्रोलमध्येच राहतं. कॉक मात्र तळाशी. पहिला घोट बिनऑइलचा. जुन्या रेसरांचं लाडकं एरंडेल याच्या उलट : ते अल्कोहोलमध्ये छान विरघळतं, पेट्रोलमध्ये कुरकुरतं. शिवाय कार्ब्युरेटरमधल्या जुन्या रबरी पडद्यांना इथेनॉल सोसत नाही, ते बदलून घ्या. महिनाभर चालवणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

एवढा धूर करणारं इंजिन जगवायचंच कशाला?

आक्षेप रास्त आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमधून वाईट परिस्थितीत पाव भागाहून जास्त पेट्रोल न जळता बाहेर पडतं, वर ऑइलचा धूर. शहरात रोज ऑफिसला न्यायला मी हे इंजिन कुणाला सुचवणार नाही; माझी आरएक्सही महिन्यातून दोनदा कासच्या रस्त्याला जाते, तेवढीच. ट्रॅकवर वर्षाला काही तास चालणाऱ्या कार्टचा हिशेब वेगळा आहे. पोरांसाठी तर त्याहून वेगळा : वर्गात तीन वर्षं शिकलेलं प्रसरण, दाब, लाटा हे सगळं एका दुपारी बाकड्यावर हातात येतं.

परवा इंजिन बांधून झालं. नवी सील, नवी पिन, बोअर, पिस्टन. पोरांना लगेच ढकलून सुरू करायचं होतं. कार्ट बाहेर उभं, पेट्रोल मिसळून तयार. नानांनी परत पट्ट्या लावल्या, फुगा दाबला, काटा ३०० वर नेला आणि चहा सांगितला. चौघं वाकून काट्याकडे बघत होते. चहा संपला तेव्हा काटा २९० वर होता. नानांनी कप खाली ठेवला, नळी काढली आणि म्हणाले, "गरम झाल्याशिवाय पिळू नका."